पाण्यातलं आर्सेनिक: 'लक्ष्य' ०.००४, मर्यादा १०. हे आकडे काढतात कसे?

सॅनहोजेकर

मंडळी, इथे कॅलिफोर्नियात पाणीपुरवठादाराला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याचा अहवाल द्यावाच लागतो. त्या तक्त्यात रसायनापुढे दोन आकडे असतात: एक कायद्याची मर्यादा, दुसरा 'सार्वजनिक आरोग्य लक्ष्य'. नमुन्यादाखल (सगळे पीपीबीत, म्हणजे लिटरमागे मायक्रोग्रॅम):

आर्सेनिक: मर्यादा १०, लक्ष्य ०.००४
क्रोमियम-६: मर्यादा १०, लक्ष्य ०.०२
परक्लोरेट: मर्यादा ६, लक्ष्य १
नायट्रेट (नायट्रोजन म्हणून मोजलेलं): मर्यादा १०,०००, लक्ष्यही १०,०००

लक्ष्य ठरवतं ओईएचएचए हे पर्यावरणातले आरोग्यधोके जोखणारं राज्याचं कार्यालय. १९९६ च्या कायद्याने त्याला फक्त आरोग्य बघायला सांगितलंय, खर्चाकडे ढुंकूनही पाहायचं नाही. मर्यादा ठरवतं जल मंडळ. त्याने तंत्र आणि पैसा दोन्ही बघून लक्ष्याच्या शक्य तितकं जवळ जायचं.

प्रश्न दोन. आर्सेनिकला अडीच हजार पटींचा फरक आणि नायट्रेटला काहीच नाही, असं का? आणि आपल्या आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) असा निव्वळ आरोग्याचा रकाना का नाही? माझ्या मते असायला हवा.

टवाळ_तात्या

०.००४ पीपीबी म्हणजे ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात (२५ लाख लिटर) १० मिलिग्रॅम. एवढं शोधणारं यंत्र तरी आहे का हो कोणाकडे?

मात्राशास्त्री

तात्या, नेहमीच्या तपासणीत नाही. तिथे आर्सेनिक २ पीपीबी आणि त्यावर असेल तरच कळवायचं असतं. लक्ष्य त्याच्या पाचशेपट खाली. म्हणून अहवालात 'आढळले नाही' लिहिलं म्हणजे लक्ष्य गाठलं असं होत नाही.

आता धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न. रसायनांचे दोन ढीग करा. पहिल्यात अशी, ज्यांना उंबरठा असतो: ठरावीक मात्रेखाली शरीर निभावून नेतं. दुसऱ्यात अशी, ज्यांना उंबरठा आहे असं सिद्ध झालेलं नाही; यात बहुतेक कर्करोगकारकं येतात.

पहिल्या ढिगाचं गणित आयएस १०५०० मधल्याच क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकावर करू. मानकात ३० पीपीबी आहे.

१. उंदीर, घुशी, कुत्रे यांच्यावरच्या प्रयोगांत दुष्परिणाम न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा: किलो वजनामागे दिवसाला १ मिग्रॅ.
२. त्याला १०० ने भागा. १० प्राण्यापासून माणसापर्यंत यायला, १० माणसामाणसांतल्या फरकासाठी. आलं ०.०१ मिग्रॅ. ही रोजची सहनीय मात्रा.
३. गुणिले ६० किलो वजन: ०.६ मिग्रॅ.
४. कीटकनाशक अन्नातून जास्त येतं, म्हणून पाण्याच्या वाट्याला १० टक्के: ०.०६ मिग्रॅ.
५. भागिले दिवसाचं २ लिटर पाणी: ०.०३ मिग्रॅ/लि, म्हणजेच ३० पीपीबी.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असाच निघालाय आणि आपल्या मानकात तोच आहे. म्हणजे निव्वळ आरोग्याचे आकडे आपल्याकडे आहेत, फक्त ते कोणते हे रकान्यावर लिहिलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

थांबा न भाऊ. साठ किलो अन् दोन लिटर? मे महिन्यात पांढरकवड्याच्या शेतात निंदणाऱ्या बाईले हे कोणी विचारलं काय? वजन पंचेचाळीस-पन्नास अन् पाणी चार-पाच लिटर. तिसरी पायरी ५० किलोवर अन् पाचवी ४ लिटरवर करून पाहा, ३० चे साडेबारा होतात.

अनघा_के

+१. लहान मुलाला अजूनच कमी. १० किलोचं मूल १ लिटर पितं असं धरलं तर १० पीपीबी.

पुणेरी_पाटी

पण म्हणूनच तर शंभराने भागलंय ना? त्या शंभरात हे सगळं आलंच. पुन्हा पुन्हा भागत बसलात तर शेवटी पाणी प्यायचंच बंद करावं लागेल.

मात्राशास्त्री

पाटीसाहेब, असहमत. माणसामाणसांतला १० चा गुणक हा *तीच मात्रा* पोटात गेल्यावर कोणाच्या यकृताने ती किती वेगाने बाहेर टाकली आणि कोणाच्या पेशी किती हळव्या, यासाठी असतो. कोण किती लिटर पितो हे त्यात धरलेलं नसतं; त्याची जागा पाचव्या पायरीत. उन्हातल्या मजुराचं जादा पाणी त्या दहात ढकललं तर मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्याची जागा त्याने खाल्ली.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण धागाकर्त्यांच्या यादीतच आहे, परक्लोरेट. रॉकेटच्या इंधनातलं आणि फटाक्यांतलं हे मीठ थायरॉइडमध्ये जाणाऱ्या आयोडीनची वाट अडवतं. आधार माणसांवरच्याच प्रयोगाचा: ३७ निरोगी प्रौढ, १४ दिवस, २००२ मध्ये प्रसिद्ध. त्यावरून काढलेली आधारमात्रा किलोमागे ३.७ मायक्रोग्रॅम. प्रयोग माणसांवरचा असल्याने प्राण्यांसाठीचा १० गळाला, दुसरा १० राहिला. सहनीय मात्रा ०.३७.

२००४ चं गणित: पिणारी व्यक्ती गरोदर बाई, रोज प्यायलेल्या लिटरमागे २५.२ किलो वजन, पाण्याचा वाटा ६० टक्के. ०.३७ × २५.२ × ०.६ = ५.६. लक्ष्य ६ पीपीबी.

२०१५ चं गणित: पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ, किलोमागे ०.२३७ लिटर, पाण्याचा वाटा ७३ टक्के. ०.३७ × ०.७३ ÷ ०.२३७ = १.१४. लक्ष्य १ पीपीबी.

प्रयोग तोच, सहनीय मात्राही तीच. फक्त पेला बाईच्या हातातून काढून बाळाच्या तोंडाशी धरला आणि आकडा सहाचा एक झाला. पावडरचं दूध पाण्यात कालवून पिणारं बाळ किलोमागे त्या बाईच्या सहापट पाणी पितं.

रेवा

वाचतेय. हे कधी कोणी इतकं इस्कटून सांगितलं नव्हतं. आता दुसरा ढीग येऊ द्या.

खनिज_खोदकर

दुसरा ढीग मी घेतो, शास्त्रीबुवांचा हात दुखला असेल.

उंबरठा नसेल तर 'सुरक्षित मात्रा' काढताच येत नाही, किती धोका नगण्य मानायचा एवढंच ठरवता येतं. कॅलिफोर्निया म्हणतं, आयुष्यभर ते पाणी पिणाऱ्या दहा लाखांत एक जादा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटना साधारण लाखात एक धरते. अमेरिकेची केंद्रीय संस्था ईपीए ज्ञात कर्करोगकारकाचं लक्ष्य थेट शून्य लिहून मोकळी होते.

आर्सेनिकच्या ०.००४ चा पाया तैवान, चिली, अर्जेंटिना इथल्या माणसांवरचा आहे, फुफ्फुस आणि मूत्राशयाचे कर्करोग. चिलीच्या अँटोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० नदीचं ८०० पीपीबीच्या वर आर्सेनिक असलेलं पाणी मिळत होतं. पाणी सुधारल्यावरही कर्करोगाचं प्रमाण कित्येक दशकं चढं राहिलं. शेकड्यांतल्या त्या मात्रांपासून शून्यापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि दहा लाखात एक कुठे येतो ते बघायचं.

आता तीच रेघ उलटी वाचा. ०.००४ ला दहा लाखात एक, तर १० पीपीबीला दहा लाखात २,५००. म्हणजे चारशे माणसांत एक. क्रोमियम-६ चं तसंच केलं तर १० पीपीबीला दोन हजारात एक. मर्यादेच्या आतल्या पाण्याचा हा धोका आहे, ओईएचएचए स्वतः छापतं.

पुणेरी_पाटी

सरळ रेघच का पण? आर्सेनिक डीएनएला थेट चिकटून बिघाड करणारं नाही. कमी मात्रेला रेघ वाकू शकते, आणि मग तुमचे 'चारशेत एक' हवेत जातील.

खनिज_खोदकर

वाकू शकते, मान्य. पण कुठे वाकते ते दाखवणारा पुरावा हाती येईपर्यंत रेघ सरळ धरायची, हा नियम लिहून जाहीर केलेला आहे. तुमच्याकडे वाकडी रेघ असेल तर मसुद्यावर हरकत घ्या, तिथे तशी सोय आहे. आणि पुरावा बदलला की आकडा वरही जातो. युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १९९८ मध्ये २ पीपीबी होता, २००४ मध्ये १५, २०११ पासून ३०. माणसांवरचे अभ्यास आले, उंदरांवरची भिस्त कमी झाली.

टवाळ_तात्या

म्हणजे अजून वीस वर्षं थांबलो तर युरेनियम टॉनिक म्हणून मिळेल.

नळदुरुस्ती

धागाकर्त्यांचा नायट्रेटचा मुद्दा राहिला. मर्यादा आणि लक्ष्य एकच, कारण तिथे ना उंदीर आहेत ना भागाकार. १९४५ मध्ये आयोवातल्या विहिरींच्या पाण्यावर वाढलेल्या बाळांचा निळेपणा नोंदला गेला. पुढे १९५१ पर्यंतच्या नोंदी गोळा केल्या तेव्हा नायट्रोजन म्हणून १० मिग्रॅच्या खाली एकही सापडली नाही. सगळ्यात हळवा गट आधीच मोजलेला, म्हणून वर गुणक लावला नाही. १० मिग्रॅ नायट्रोजन म्हणजे ४४.३ मिग्रॅ नायट्रेट. आपल्या आयएस १०५०० मधले ४५ हेच. त्याला पर्यायी स्रोत नसला तरी सूट नाही.

बाळच का? जठरातलं आम्ल सौम्य असल्याने तिथे जिवाणू वाढतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, आणि ते पूर्ववत करणारं एन्झाइम तान्ह्या बाळात अजून तोकडं असतं. घरोघरी होणारी गडबड अशी, की बाळासाठी म्हणून पाणी वीस-वीस मिनिटं उकळतात. जंतू मरतात, पण नायट्रेट उडून जात नाही. पाव भाग पाणी वाफ झालं की ३६ चे ४८ झाले. कँडल फिल्टर आणि तुरटीनेही ते जात नाही. आरओ किंवा आयन-विनिमय, नाहीतर बाळापुरतं दुसरं पाणी.

जुना_उद्योग

तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलं तर?

नळदुरुस्ती

तर सकाळी तांबं अधिक नायट्रेट.

नागपूरकर_अभियंता

सगळं झालं, पण महाराष्ट्राच्या धाग्यावर फ्लोराइड अजून आलंच नाही? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड राहिले की बाजूला.

जागतिक आरोग्य संघटनेचं १.५ मिग्रॅ/लि हे १९८४ पासूनचं, आणि तिथेच लिहिलंय की देशाने आपलं हवामान, पाण्याचं प्रमाण आणि इतर मार्गांनी येणारं फ्लोराइड बघून स्वतःचा आकडा ठरवावा. आपण १.० स्वीकार्य आणि 'पर्यायी स्रोत नसल्यास' १.५ असं केलं. ठेचा भाऊंचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त लागू. हाडांच्या फ्लोरोसिसचा धोका दिवसाला एकूण ६ मिग्रॅच्या वर वाढत असल्याचे संकेत आहेत, १४ ला तर शंकाच नाही. १.५ चं पाणी ५ लिटर प्यालं की ७.५ मिग्रॅ झाले, चहा आणि भाताचं पाणी अजून धरलेलंच नाही. १.० ने ५ मिग्रॅ.

अमेरिकेत दातांसाठी पाण्यात फ्लोराइड घालताना १९५७ मध्येच हवामानाचं सूत्र बसवलं होतं. कमाल तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, ०.००६२ ने गुणा, ०.०३८ वजा करा, ०.३४ ला त्या आकड्याने भागा. ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ९५ फॅरनहाइट: उत्तर ०.६२ मिग्रॅ/लि. ४० अंशाला ०.५६. हे इष्ट प्रमाण आहे, कमाल नव्हे, पण तापलेल्या मुलखात १.५ किती सैल आहे ते कळतं.

वऱ्हाडी_ठेचा

हेच तर म्हणून राहिलो मी!

मात्राशास्त्री

अभियंता, ते सूत्र तेव्हाच्या अमेरिकन मुलांच्या पिण्यावर बेतलेलं आहे. ४० अंशाला ते ताणू नये. दिशा बरोबर, दुसरा दशांश नको.

नागपूरकर_अभियंता

मान्य. दुसरा दशांश मागे घेतला.

आता मोजमापातली चूक. नलगोंडा पद्धतीत (आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचीच) तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड गाळासोबत बसवतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात थोडं ऍल्युमिनियम उरतं. तेच पाणी स्पॅडन्स या रंगावरून मोजायच्या पद्धतीने ऊर्ध्वपातन न करता तपासलं तर ऍल्युमिनियममुळे फ्लोराइड आहे त्यापेक्षा *कमी* दिसतं. संयंत्र झकास चाललंय असा अहवाल तयार! आयन इलेक्ट्रोड वापरा आणि त्यात टिसॅब द्रावण घाला. ते ऍल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. उरलेलं ऍल्युमिनियमही वेगळं मोजा. मानकात ०.०३ मिग्रॅ/लि, सूट धरून ०.२.

लॅबवाली

नमुन्यांबद्दल माझीही भर. लक्ष्य कितीही बारीक ठरवा, बाटली चुकली की संपलं.

फ्लोराइड: प्लास्टिकची बाटली, काच नको.
आर्सेनिक, शिसं, क्रोमियमसारखे धातू: नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली. पण क्रोमियम-६ वेगळं हवं असेल तर त्या बाटलीत आम्ल घालायचं नाही, त्याचं क्रोमियम-३ होऊन जातं.
नायट्रेट: बर्फात, ४ अंशांच्या आसपास. त्यात धातूंच्या बाटलीतलं नायट्रिक आम्ल चुकून पडलं तर त्या विहिरीचं नायट्रेट गगनाला भिडतं आणि मग ग्रामसभेत भांडणं होतात.
शिसं: नळ किमान ६ तास बंद ठेवून उघडल्यावरचं *पहिलं* लिटर. पाच मिनिटं पाणी सोडून मग बाटली भरली तर तुम्ही टाकीचं पाणी तपासलं, घरातल्या पाइपचं आणि तोटीचं नाही.

गावातली एफटीके पेटी (जागेवरच पाणी तपासायची) हो-नाही पुरती. फ्लोराइडचा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकला की झुकला, पण १.२ की १.४ हे डोळ्यांनी सांगणाऱ्याला माझा दंडवत.

जुना_उद्योग

एवढं सगळं कशाला, घरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर आहे. ८० दाखवतोय. विषय संपला.

लॅबवाली

काका, टीडीएस ८० च्या पाण्यात आर्सेनिक ५० पीपीबी असलं तर मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. ते ८० मिलिग्रॅममधलं ०.०५ आहे. मानकातलं टीडीएस ५०० हे चवीचं आणि भांड्यावरच्या थराचं, विषाचं नाही. खारपाणपट्ट्यातलं दोन हजारांचं पाणी तोंडात धरवत नाही म्हणून निदान कळतं तरी.

खनिज_खोदकर

मानकात सगळेच आकडे आरोग्यावरून आलेले नसतात याचं अजून एक उदाहरण. युरोपचं एका कीटकनाशकाला ०.१ पीपीबी हे १९८० मधल्या तपासणी यंत्रांच्या कुवतीवरून आलं: दिसलं की नको. आपल्या बाटलीबंद पाण्याच्या मानकात तेच ०.१ आहे. नळाच्या मानकात क्लोरपायरिफॉस ३०. तीनशेपट फरक, पण बाटलीतलं तीनशेपट 'निरोगी' असा अर्थ नाही. एक धोरण आहे, दुसरं विषशास्त्र.

सॅनहोजेकर

भरभरून प्रतिसाद, आभार. दुसऱ्या प्रश्नाकडे वळू का? आयएस १०५०० मध्ये रकाने दोन आहेतच, पण दुसरा 'पर्यायी स्रोत नसल्यास'चा. तो आरोग्याचा नाही, नाइलाजाचा आहे. आणि प्रत्यक्षात अहवाल लिहिताना सगळे त्यालाच मर्यादा धरतात.

पुणेरी_पाटी

तुमचा तिसरा रकाना आला तर पहिल्याच दिवशी बातमी: 'तुमच्या नळाला आर्सेनिक लक्ष्याच्या हजारपट'. लोक घाबरून आरओ घेतील, आरओ निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडेल. कॅलिफोर्नियातही लक्ष्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. क्रोमियम-६ चं लक्ष्य २०११ चं, मर्यादा आली २०१४ मध्ये. २०१७ मध्ये न्यायालयाने ती बाजूला ठेवली, कारण छोट्या संस्थांना परवडेल का हे नीट तपासलं नव्हतं. पुन्हा तोच १० चा आकडा लागू व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

खनिज_खोदकर

त्यातूनच उलटा मुद्दा निघतो. मर्यादा कोर्टात लटकली होती, लक्ष्य ०.०२ वरच होतं. आरोग्याचा आकडा खर्चाच्या भांडणात हलला नाही, कारण तो वेगळ्या कार्यालयाने, वेगळ्या कागदावर लिहिला होता. आपल्याकडे दोन्ही एकाच आकड्यात कालवले की भांडण कशाचं चाललंय तेच कळत नाही. आर्सेनिकचं बघा. २०१२ च्या मानकात पर्यायी स्रोत नसल्यास ५० पीपीबीची सूट होती, २०१५ च्या दुरुस्तीत काढून १० केली. आधीचे ५० विषशास्त्राचे की सोयीचे, हे तक्ता वाचून कोणाला सांगता येईल का?

मात्राशास्त्री

रकाना नको असेल तर निदान तळटीप द्या: पिणारा कोण धरला, किती लिटर, पाण्याचा वाटा किती टक्के, धोका लाखात की दहा लाखात. ठेचा भाऊ मग आपल्या तालुक्याचं गणित स्वतः करतील.

वऱ्हाडी_ठेचा

करतो न. एक सांगा मग. एका विहिरीचा अहवाल असा: नायट्रेट ३८, नायट्राइट ०.९, फ्लोराइड ०.९, सगळे मिग्रॅ/लि. सगळे आपापल्या मर्यादेत. पाणी पास काय?

लॅबवाली

फ्लोराइड बाजूला ठेवा, त्याचा मार हाडांवर. पण नायट्रेट आणि नायट्राइट दोघंही रक्तातल्या त्याच जागी मारतात, म्हणून त्यांची गुणोत्तरं मिळवायची. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे ५० आणि ३ घेऊन: ३८ ÷ ५० = ०.७६, ०.९ ÷ ३ = ०.३०. बेरीज १.०६. एकाच्या वर, म्हणजे तान्ह्या बाळासाठी नापास.

वऱ्हाडी_ठेचा

अन् मोठ्या माणसाले?

लॅबवाली

मोठ्यांच्या जठरातलं आम्ल त्या जिवाणूंना वाढू देत नाही, धोका खूपच कमी. घरात बाटलीवरचं बाळ आणि गरोदर बाई असेल तर त्यांच्यापुरतं दुसऱ्या विहिरीचं पाणी आणा. आणि नमुना परत पाठवा. ०.९ नायट्राइट म्हणजे जवळपास शौचखड्डा किंवा उकिरडा असण्याची शक्यता, तेव्हा सोबत जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीही भरा. दोन्ही बर्फात. नायट्राइट ४८ तासांच्या आत तपासून व्हायला हवं, नाहीतर वाटेतच त्याचं नायट्रेट होतं आणि बेरीज खोटीच एकाच्या खाली येते.